सांगून बंद

‘दुरुस्तीच्या कामासाठी आज रात्री ११ ते पहाटे ४ पर्यंत हे संकेतस्थळ बंद राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ अशा अर्थाची दोन वाक्ये आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की ती वाचताना कुणी थबकतही नाही. बँक असो, रेल्वेचे तिकीट असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, सगळीकडे हीच भाषा. पण जरा थांबून पाहिले तर या दोन वाक्यांत तीन गोष्टी दडलेल्या दिसतात. पहिली कबुली आहे : आमचे यंत्रही थकते, त्यालाही दुरुस्ती लागते. दुसरा वायदा आहे : पहाटे चार वाजता आम्ही परत हजर होऊ. आणि तिसरी माफी आहे.

ही माफी मोठी विलक्षण आहे. एरवी आपण आधी एखाद्याला धक्का देतो आणि मग माफ करा म्हणतो. इथे धक्का बसायच्या आधीच माफी मागून झालेली असते. म्हणून आमच्यासारख्या शाळामास्तरांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. आधी सांगितले म्हणजे त्रासाचा त्रासपणा संपतो काय? सांगून बंद ठेवलेला दरवाजा आणि न सांगता बंद ठेवलेला दरवाजा यांत नैतिक फरक कोणता, आणि तो कुठवर टिकतो? प्रश्न संगणकाच्या निमित्ताने सुचला, तरी तो संगणकापुरता राहत नाही. एका माणसाने दुसऱ्याला आपल्यावर अवलंबून राहायला लावले की हा प्रश्न तिथे येतोच.

आधी बंद ठेवणाऱ्याची बाजू मांडू, कारण ती न्यायाची आहे.

संकेतस्थळ म्हणजे हवेत तरंगणारी चीज नव्हे. कुठेतरी एका थंड खोलीत ठेवलेले संगणक आपल्या प्रत्येक मागणीला उत्तर देत असतात. त्यांनाच आपण सर्व्हर म्हणतो. त्यांच्यातही भाग झिजतात, जागा भरत जाते, चोरवाटा सापडतात आणि त्या बुजवाव्या लागतात. यातली बरीच कामे चालू कारभारात करता येतात, पण काही कामे अशी असतात की गाडी थांबवल्याशिवाय रूळ बदलता येत नाही. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. रविवारचा मेगाब्लॉक ही याच कुळातली गोष्ट. रेल्वेच्याच तिकिटांचे संकेतस्थळ वर्षानुवर्षे रोज रात्री साधारण पावणेबारापासून बारा वीसपर्यंत देखभालीसाठी बंद राहत आले आहे. त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. लोकांनी आपली वेळ त्याप्रमाणे लावून घेतली आहे.

थांबणे हा कामाचाच एक भाग आहे, हे आपल्या कष्टकऱ्यांना संगणक येण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीकडचे दालदी मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढतात, झाकून ठेवतात, जाळी सांधतात. त्या दिवसांत मासा मिळत नाही म्हणून कुणी त्यांना आळशी म्हणत नाही. मालेगावात शुक्रवारी यंत्रमागांचा खडखडाट थांबतो. पुण्यात गुरुवारी पाणी बंद राहणार म्हटले की बुधवारी रात्री घरोघर बादल्या भरल्या जातात. जो कधीच थांबत नाही, तो फार मेहनती असतो असे नाही. पुष्कळदा तो फक्त बेफिकीर असतो. होडी तपासायला वेळ नाही म्हणणारा नाखवा उतारूंवर उपकार करत नसतो, त्यांचा जीव पणाला लावत असतो.

याहीपुढे जाऊन एक उदाहरण आम्हाला फार शिकवणारे वाटते. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश आपल्यापैकी अनेकांनी वापरला असेल. तो मराठीत आहे, तसा उर्दूतही आहे. तो चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची दोन मुख्य केंद्रे अमेरिकेत आहेत, एक व्हर्जिनियात आणि दुसरे टेक्सासमध्ये. एक केंद्र आगीत वा पुरात सापडले तर दुसऱ्याने लगेच भार उचलावा अशी योजना आहे. पण योजना कागदावर असून भागत नाही. म्हणून २०१६ पासून ते मुद्दाम, काहीही बिघडलेले नसताना, सगळा कारभार एका केंद्रातून दुसऱ्यात हलवून पाहतात. आता हे वर्षातून दोनदा होते. पहिल्या वेळी पाऊण तासाच्या आसपास लिहिणे थांबवावे लागले होते. सराव होत गेला तशी ही वेळ काही मिनिटांवर आली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्या मिनिटांत वाचन बंद होत नाही, फक्त लेखन थांबते. म्हणजे जेवढे बंद करणे भाग आहे तेवढेच बंद. आणि त्याची सूचना स्वयंसेवकांकडून वेगवेगळ्या भाषांत उतरवून घेतली जाते. मोठे संकट आपल्या सोयीने येणार नाही, म्हणून छोटा थांबा आपण सोयीने घ्यायचा, असा हा विचार आहे. यात आम्हाला खरा जबाबदारपणा दिसतो.

उलट बाजूही पाहू. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर एकदम बंद पडले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सुमारे सहा तास हा प्रकार चालला. कंपनीने नंतर जो खुलासा केला तो वाचण्यासारखा आहे. कुणी हल्ला केला नव्हता. नेहमीच्या देखभालीचेच काम चालू होते. जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने सगळी केंद्रे जगापासून तोडून टाकली, आणि अशी चूक अडवण्यासाठी जी यंत्रणा ठेवली होती तिच्यातच दोष निघाला. दुरुस्तीत हा धोका नेहमीच असतो. घड्याळ उघडले की एखादा स्क्रू हरवू शकतो. आणि हे माहीत असूनही जो ‘कुणाला कळणारही नाही’ या भरवशावर घड्याळ उघडतो, त्याच्यापेक्षा ‘आज घड्याळ उघडणार आहे, वेळ दुसरीकडे बघा’ असे सांगणारा केव्हाही बरा.

इथवर बंद ठेवणाऱ्याची बाजू झाली. थांबणे कर्तव्य आहे आणि सांगून थांबणे हे न सांगता थांबण्याहून चांगले आहे. यात वाद नाही. आमचा वाद पुढे सुरू होतो.

संगणकाच्या धंद्यात सेवेचे करार होतात. ‘आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील’ असे त्यांत लिहिलेले असते. हिशेब केला तर याचा अर्थ वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास बंद राहिली तरी करार मोडत नाही. ९९.९९ टक्के म्हटले तर ही सवलत जेमतेम ५३ मिनिटांवर येते. इतका बारकाईचा हिशेब पाहून कौतुक वाटते. पण यातल्या पुष्कळ करारांत आणखी एक कलम असते. आधी सूचना देऊन केलेली देखभाल ही बंद वेळेत मोजायची नाही. म्हणजे सांगून बंद ठेवले तर ते हिशेबाच्या वहीत बंदच नाही! दरवाजा बंद, आत कुणी नाही, बाहेर माणूस उभा आहे, आणि वहीत मात्र दरवाजा उघडा.

दोन कंपन्यांमधल्या करारात हे चालेल. दोघांनाही वकील आहेत, दोघांनीही कलमे वाचून सह्या केल्या आहेत. पण हीच वृत्ती जेव्हा सामान्य माणसाच्या बाबतीत येते, ‘आम्ही कळवले होते, आता आमची जबाबदारी संपली’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा आम्हाला थांबून विचारावेसे वाटते : कुणाला कळवले होते?

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे शेवटचे दिवस होते. बाई चार घरची कामे करतात. अर्जासाठी त्यांनी एक दिवसाची सुट्टी घेतली, म्हणजे तेवढी मजुरी सोडली, आणि कागदांची पिशवी घेऊन केंद्रावर गेल्या. केंद्रातल्या पोराने सांगितले, ‘सर्व्हर बंद है, कल आव.’ दुसऱ्या दिवशी गेल्या तर संकेतस्थळ उघडले, पण दोन दिवसांची गर्दी एकदम लोटल्यामुळे यांचा नंबर लागेपर्यंत ते पुन्हा अडकले. मग त्या शाळेत आल्या. आम्ही पाहिले तर सूचना रीतसर होती. चार दिवस आधी लावलेली, तारीख-वेळेसह, इंग्रजीत, आणि त्याच संकेतस्थळावर. आम्ही त्यांना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘बंद होने वाला था तो मेरे कू कौन बोला?’

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ज्यांनी ती सूचना लिहिली त्यांच्याजवळही असेल असे वाटत नाही. ज्या बाईंनी ते संकेतस्थळ आयुष्यात स्वतः कधी उघडले नाही, त्यांना त्याच संकेतस्थळाच्या कपाळावर चिठ्ठी लावून कळवले असे म्हणायचे, हे म्हणजे घराच्या आतल्या भिंतीवर ‘घर बंद आहे’ असे लिहून कुलूप लावण्यासारखे आहे. सूचना देणे आणि सूचना पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाची नोटीसदेखील नुसती लिहून भागत नाही, ती बजावावी लागते. आम्ही उर्दू शाळेत पालकांसाठी चिठ्ठी काढतो तेव्हा ती उर्दूत असते, तरी मुलांना सांगतो की घरी जाऊन अम्मीला वाचून दाखवा. कारण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात दिलेला कागद हा कागदच राहतो, त्याची खबर होत नाही.

तेव्हा पहिली अट ही : सूचना ज्याला त्रास होणार आहे त्याच्यापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत, त्याच्या वाटेवर पोहोचली पाहिजे. केंद्राच्या दारावर मराठीत, हिंदीत, उर्दूत चार ओळींचा कागद चिकटवायला कोणते मोठे तंत्रज्ञान लागते?

दुसरी अट वेळेची. बंद ठेवण्यासाठी रात्र निवडतात, कारण तेव्हा वापरणारे कमी. सुट्टी निवडतात, कारण तेव्हा काम कमी. १३ जुलै २०२४ रोजी एचडीएफसी बँकेने आपली मूळ संगणकप्रणाली नव्या यंत्रणेवर नेली, तेव्हा पहाटे ३ पासून दुपारी साडेचारपर्यंतची वेळ आधी जाहीर केली होती आणि दिवस निवडला होता दुसऱ्या शनिवारचा. निवड शहाणपणाची होती. जास्तीत जास्त लोकांना कमीत कमी त्रास हे सूत्र त्यामागे आहे. इंग्लंडमधल्या बेंथॅम आणि मिल यांनी नीतिशास्त्रात जी मोजपट्टी आणली, तीच ही. आम्ही तिला नावे ठेवत नाही. राज्य आणि बाजार दोन्ही तिच्याशिवाय चालत नाहीत.

पण या मोजपट्टीने डोकी मोजता येतात, गरज मोजता येत नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो कारण कचेऱ्या बंद असतात. मात्र रविवारी इस्पितळातली परिचारिका कामावर असते, दुकानातला नोकर असतो, स्पर्धा परीक्षा देणारी मुले नेमकी रविवारीच केंद्र शोधत निघतात. रात्री संकेतस्थळ बंद ठेवतात कारण लोक झोपलेले असतात. पण दिवसभर ज्याला उसंत नाही तो रात्रीच अर्ज भरायला बसतो. दिवसा संकेतस्थळ रडतखडत चालते म्हणून आमच्या व्यवसायातले कितीतरी लोक माहिती भरायला रात्रीचीच वाट पाहतात. आणि आपल्या कोकणातल्या घरांचा विचार करा. ज्यांची माणसे आखातात आहेत त्यांच्यासाठी रात्र कोणती धरायची? इथे पावणेबारा वाजतात तेव्हा दुबईत सव्वादहा आणि कुवेतमध्ये सव्वानऊ झालेले असतात. तिथला माणूस कामावरून येऊन, हातपाय धुऊन, गावी यायचे रेल्वेचे तिकीट काढायला बसलेला असतो, आणि इथली मध्यरात्र त्याच्यासमोर दार लावून घेते.

अल्पसंख्य हा शब्द आपण जन्माशी जोडतो. विचार केला तर प्रत्येक तासाला आपापले अल्पसंख्य असतात. रविवारी काम करणारे, रात्री जागणारे, दूरदेशी राहणारे, दुसऱ्याच्या यंत्रावर अवलंबून असणारे. बहुसंख्यांच्या सोयीची वेळ निवडणे चूक नाही. पण ती निवडल्यावर जे उरतात त्यांच्यासाठी आपण काय ठेवले, हा प्रश्न संपत नाही. एखादी खिडकी उघडी राहील का? कागदावर अर्ज घेऊन ठेवता येईल का? वाचन चालू ठेवून फक्त लेखन थांबवण्यासारखी काही वाट निघेल का? मोजपट्टी जिथे संपते तिथे माणुसकीने पुढचे पाऊल टाकायचे असते.

तिसरी अट घेतलेला वेळ परत करण्याची. परराष्ट्र मंत्रालयाचे पासपोर्ट सेवेचे संकेतस्थळ २९ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ८ पासून २ सप्टेंबरच्या सकाळी ६ पर्यंत देखभालीसाठी बंद राहील असे जाहीर झाले होते. त्यासोबत असेही जाहीर झाले की ३० ऑगस्टसाठी आधी ठरलेल्या भेटींना दुसरी तारीख दिली जाईल. हे तत्त्व आम्हाला योग्य वाटते. दार मी बंद करत असेन तर तुझी हुकलेली वेळ पुन्हा शोधण्याची तजवीज मी केली पाहिजे. हेलपाटा तुझ्या माथी मारून मी मोकळा होऊ शकत नाही. अर्थात तारीख बदलून सगळे भरून येत नाही. पंधरा दिवसांची रजा घेऊन आलेल्या माणसाला पुढची तारीख म्हणजे कधी कधी पुढचे वर्षही असू शकते. म्हणून असा मोठा थांबा घेणाऱ्याने अडलेल्यासाठी एखादी तातडीची वाट ठेवणे हेही त्याच्या वायद्यात धरले पाहिजे. आणि अर्जाची शेवटची तारीख असेल तर हिशेब सोपा आहे. जितके तास बंद ठेवले तितके तरी मुदतीत मिळवा. पाच दिवसांच्या मुदतीतली एक रात्र काढून घेतली आणि मुदत तीच ठेवली, तर तुम्ही पाच दिवस दिलेच नाहीत.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे शब्दांचा मोह आवरत नाही. मराठीतला ‘मुदत’ आणि उर्दूतला ‘मोहलत’ हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले. मुदत म्हणजे नेमलेला काळ. मोहलत म्हणजे वर दिलेली सवड, ज्यात देणाऱ्याची थोडी दया मिसळलेली असते. बंद ठेवणाऱ्यांची गल्लत अशी होते की जे मुदतीत बसते ते ते मोहलत म्हणून देतात. ‘लोकांच्या सोयीसाठी मुदत एक दिवस वाढवण्यात आली आहे’ असे ते उपकाराच्या सुरात लिहितात. खरे तर तो उपकार नसतो, ती परतफेड असते. तसाच ‘दुरुस्ती’ हा शब्द. तो फारसी. दुरुस्त म्हणजे योग्य, बरोबर. आमच्या वर्गात मुलाने बरोबर उत्तर दिले की आम्ही ‘दुरुस्त’ म्हणतो. तेव्हा दुरुस्तीसाठी बंद म्हणजे योग्य होण्यासाठी बंद. यंत्र योग्य झाले आणि त्यासाठी माणसावर अन्याय झाला, तर त्या कामाला दुरुस्ती कसे म्हणावे?

चौथी अट परत येण्याची. वायदा पहाटे चारचा असेल तर चारला दार उघडले पाहिजे, आणि उघडणार नसेल तर चारच्या आत तसे सांगितले पाहिजे. याबाबतीत ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेची हकिकत बोलकी आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांचे हिशेब जुन्या प्रणालीतून नव्यात हलवायचे ठरवले. २० ते २२ एप्रिल, शुक्रवार ते रविवार, अशी वेळ ठरली आणि लोकांना तसे आधी कळवले होते. लोकांनी निमूटपणे शनिवार-रविवार काढला. पण रविवारी संध्याकाळी दार उघडले तेव्हा आत गोंधळ होता. लाखो लोकांना आपल्याच पैशापर्यंत पोहोचता येईना. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला, आणि २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्र प्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला.

या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. ‘सर्व्हर बंद आहे’ या वाक्यात कर्ता नाही. जणू सर्व्हर स्वतःच्या मर्जीने बंद झाला. ‘बंद ठेवण्यात येईल’ या वाक्यातही कर्ता नाही. आमच्या व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना विचारतो, या वाक्यात क्रिया करणारा कोण? त्या ब्रिटिश नियामकांनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि उत्तर शोधून काढले. आधी सूचना दिली होती, या सबबीने तो प्रश्न मिटला नाही. उलट दोन दिवसांचा वायदा केला होता म्हणूनच तो मोडल्याचे मोजमाप करता आले.

आता ज्यांना सूचना मिळते त्यांच्याकडेही वळले पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. वायदा दोन्ही बाजूंना बांधतो. ज्याला वेळेवर, त्याच्या भाषेत कळले होते आणि हाताशी सवडही होती, त्याने शेवटच्या रात्रीपर्यंत थांबून मग शासनाच्या नावाने बोटे मोडावीत, हे रास्त नाही. केंद्रातल्या पोरावर ओरडणे तर अगदीच चुकीचे. त्याने सर्व्हर बंद केलेला नसतो. त्याचाही त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो. आणि आपण झोपलेले असताना जे जागे राहून ते काम करतात, रुळावर उन्हात उभे राहून पट्ट्या बदलणारे रेल्वेचे कामगार असोत की थंड खोलीत पहाटेपर्यंत पडद्याकडे पाहत बसणारे तंत्रज्ञ असोत, त्यांची झोप आपल्या सोयीच्या हिशेबात कुठेच जमा होत नाही. त्यांच्यासाठी एक चांगला शब्द तरी आपल्या तोंडी असावा.

आणि हा न्याय आमच्या शाळेलाही लागू आहे. शिक्षक हासुद्धा चाळीस मुलांच्या मागण्यांना उत्तर देणारा एक सर्व्हरच आहे म्हणा ना! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना शिक्षणाखेरीज इतर कामांना लावता येत नाही. अपवाद फक्त दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांचा. हे अपवाद आवश्यकच आहेत. लोकशाहीला निवडणूक लागते आणि ती घ्यायला माणसे लागतात. पण आम्ही निवडणुकीच्या कामावर जातो तेव्हा वर्ग बंद पडतो. आदेश आम्हाला रीतसर मिळतो, तारीख-वेळेसह. म्हणजे हाही ‘नियोजित’ बंदच. वरच्या चारही अटी इथे लावून पाहा. मुलांना आणि त्यांच्या आईबापांना कुणी सांगितले? दिवस निवडताना परीक्षेचा विचार झाला का? गेलेले तास अभ्यासक्रमात परत मिळाले का? आम्ही परतल्यावर जिथे धडा थांबला होता तिथून तो उचलला, की तारखा गाठण्यासाठी दोन धडे ओलांडून पुढे गेलो? पैसेवाल्याच्या मुलाला त्या दिवसांत शिकवणी असते. मजुराच्या मुलाला शाळा हाच एक दरवाजा असतो. दोघांसाठी वर्ग सारखेच दिवस बंद राहिला, पण नुकसान सारखे झाले नाही.

इथे आम्हाला आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडते असे वाटते. बंद दरवाजा सर्वांना सारखा नसतो. ज्याच्याकडे दुसरी वाट आहे त्याच्यासाठी तो एक गैरसोय असतो. ज्याच्याकडे ती नाही त्याचे त्यात नुकसान होते. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य पहिल्यासाठी लिहिलेले असते आणि दुसऱ्याला ते लागू पडत नाही. जोवर बँकेला खिडकी होती, अर्जाला कागद होता, तिकिटाला रांग होती, तोवर संकेतस्थळ ही जास्तीची सोय होती. ती तासभर बंद राहिली तर फार बिघडत नव्हते. आता एकेक करून जुन्या वाटा बंद होत आहेत आणि लोकांना एकाच दाराशी आणून उभे केले जात आहे. ज्याने दुसरी दारे काढून टाकली, त्याच्या उरलेल्या एका दाराला कुलूप लावण्याचा अधिकार पूर्वीइतका मोकळा राहत नाही. लोकांनी आपली कामे त्याच्या हाती सोपवली आहेत. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. अमानत सांभाळणाऱ्याने तिची डागडुजी जरूर करावी. पण डागडुजीच्या काळात ती वस्तू ज्याची आहे त्याचे कसे भागेल, याचीही काळजी त्यानेच करायची असते.

तेव्हा आधी सांगितल्याने देणे फिटत नाही. आधी सांगितल्याने देणे कबूल होते. दार केव्हा लागणार आणि केव्हा उघडणार हे ज्याने लिहून दिले, त्याने मधल्या वेळेचा हिशेब आपल्या नावावर मांडून घेतला. तो हिशेब चुकता व्हायचा तर सूचना त्या बाईंपर्यंत पोहोचली पाहिजे, गेलेली रात्र मुदतीत परत आली पाहिजे, आणि पहाटे चार म्हणजे चारच असले पाहिजेत. एवढे झाले की मग यंत्रांनी खुशाल थांबावे. थकलेल्याला विसावा नाकारण्याइतके आपले लोक निर्दय नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच आहे, की थांबताना आमच्याकडेही एकदा पाहून घ्या.